पेणचा गणेशमूर्ती उद्योग : उत्पादनाचे कालचक्र आणि नियमनाचे कालचक्र

प्रास्ताविक

रायगड जिल्ह्याच्या औद्योगिकीकरणाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, धाटाव व महाड येथील रासायनिक वसाहती, न्हावा-शेवा बंदर आणि धरमतर खाडीकाठचा डोलवीचा पोलाद कारखाना यांकडे जाते. या यादीत पेण शहराचे नाव सहसा येत नाही. पेणचा उल्लेख होतो तो ‘कला’, ‘संस्कृती’ किंवा ‘परंपरा’ या सदराखाली. वास्तविक पाहता कच्चा माल दूरवरून आणणे, साच्यांच्या साहाय्याने एकसारखे नग तयार करणे, कामाचे टप्पे पाडून ते वेगवेगळ्या हातांकडे सोपविणे, माल आधी तयार करून पैसा नंतर वसूल करणे आणि तोपर्यंतचा खर्च कर्जाऊ रकमेतून भागविणे ही सर्व कारखानदारीची लक्षणे आहेत. पेण व परिसरात तयार होणाऱ्या गणेशमूर्तींना ती तंतोतंत लागू पडतात. पेणमध्ये मूर्तिशाळेला ‘कारखाना’ आणि तिच्या मालकाला ‘कारखानदार’ म्हणतात. लोकभाषेने केलेले हे वर्गीकरण शासकीय वर्गीकरणापेक्षा अधिक अचूक म्हणावे लागेल.

गेल्या काही वर्षांत शाडू माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस यांच्यासंबंधीचा वाद पर्यावरण विरुद्ध श्रद्धा किंवा पर्यावरण विरुद्ध रोजगार अशा स्वरूपात मांडला गेला. पेणच्या कारखान्यातून पाहिले असता मात्र हा वाद मुख्यतः काळाचा असल्याचे दिसते. मूर्ती घडविण्यास लागणारा काळ, माल विकण्यासाठी उपलब्ध असलेला काळ आणि शासन व न्यायसंस्था यांना निर्णय घेण्यास लागणारा काळ यांचा मेळ बसत नाही, हे या उद्योगाच्या सद्यःस्थितीचे प्रमुख कारण आहे. प्रस्तुत लेखात या अंगाने पेणच्या उद्योगाचा परामर्श घेतला आहे.

शहर आणि परिसर

पेण हे भोगावती नदीकाठी वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. पूर्वेस सह्याद्रीच्या रांगांकडे चढत जाणारा डोंगराळ भाग आणि पश्चिमेस खाडीच्या भरतीपासून बांध घालून राखलेली खारजमीन अशी तालुक्याची दुहेरी रचना आहे. डोंगराकडे ठाकूर व कातकरी वस्ती, तर खारपट्टीत आगरी व कोळी समाज मोठ्या संख्येने आढळतो. शहराजवळच्या अंतोरे बंदरातून एके काळी गलबतांनी भात, मीठ व लाकूडफाटा यांची ने-आण होत असे. पुढे मुंबई-गोवा महामार्ग व लोहमार्ग यांमुळे बंदराचे महत्त्व ओसरले. तथापि, मुंबईच्या बाजारपेठेशी जवळीक कायम राहिली आणि तीच मूर्तीव्यवसायाला उपकारक ठरली.

घरगुती गणपतीची परंपरा कोकणात जुनीच आहे. १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाल्यावर मुंबई-पुण्यात मूर्तींची मागणी वाढत गेली. पेणमध्ये या कलेला व्यवसायाचे रूप देणाऱ्यांमध्ये देवधर घराण्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. पेणच्या मूर्तीची ख्याती विशेषतः ‘आखणी’साठी आहे. आखणी म्हणजे डोळे, भुवया, गंध व दागिन्यांच्या बारीक रेषा काढण्याचे काम. मूर्तीचा साचा कोणालाही विकत मिळू शकतो. आखणीचा हात मिळत नाही. मुंबईतील मंडळांच्या वीस-पंचवीस फुटी मूर्ती प्रायः परळ-लालबागच्या मंडपांत घडतात. पेणचा खरा व्यापार आहे तो घरात, पाटावर किंवा मखरात बसणाऱ्या, वितीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच्या मूर्तींचा. हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

शाडू ते पीओपी : कामाच्या पद्धतीतील स्थित्यंतर

शाडू ही कोकणातली माती नव्हे. ती प्रामुख्याने गुजरातमधून येते. माती भिजवून, मळून, लोण्यासारखी मऊ करून साच्याच्या दोन-तीन भागांत बोटांनी दाबून बसवावी लागते. भाग जोडून साचा उघडल्यावर ओली मूर्ती हळूहळू, सावलीत वाळवावी लागते. घाई करून उन्हात ठेवली तर तडकते, दमट हवेत ठेवली तर वाळतच नाही. मूर्तीच्या आकारानुसार या सुकण्याला कित्येक दिवस लागतात. त्यानंतर घासकाम, पांढरा हात, अंगरंग, सोवळे-शेला, दागिने आणि शेवटी आखणी. कोकणात जूनच्या पूर्वार्धात पाऊस सुरू होतो आणि उत्सव येतो भाद्रपदात. म्हणजे शाडूच्या कारखान्याला मातीकाम उरकण्यासाठी कोरड्या हवेचे सात-आठ महिनेच मिळतात. शिवाय शाडूची मूर्ती जड असते आणि प्रवासात तिची सोंड, बोटे, कान दुखावण्याची भीती सतत असते.

प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे बोलीतील पीओपी, हे जिप्सम या खनिजापासून तयार होते. जिप्समचे मोठे साठे राजस्थानात आहेत. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले असता त्यातील तीन चतुर्थांश पाणी निघून जाते व पांढरी भुकटी उरते. तिच्यात पुन्हा पाणी मिसळले की ती काही मिनिटांत घट्ट होऊन मूळ जिप्समच्या रूपात परत येते. या एका रासायनिक गुणधर्माने पेणच्या उद्योगाचे घड्याळ बदलले. रबरी साच्यात पातळ प्लास्टर ओतून आतून काथ्याचा थर दिला की पोकळ, हलकी आणि टणक मूर्ती अल्पावधीत बाहेर पडते. तो साचा त्याच दिवशी पुन्हा पुन्हा वापरता येतो. साचाकाम पावसाळ्यातही चालू ठेवता येते, तयार नग एकावर एक रचून ठेवता येतात, न विकलेली मूर्ती पुढील वर्षापर्यंत टिकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पीओपीचा स्वीकार वाढत गेला, त्यामागे केवळ स्वस्ताई नव्हती. वर्षातून काही महिने चालणारे काम बारमाही झाले, हे त्याचे अधिक मोठे आकर्षण होते.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. शाडूची मूर्ती ज्या साच्यात दाबली जाते तो साचादेखील बहुधा प्लास्टरचाच असतो. कारण प्लास्टर मातीतील पाणी शोषून घेते आणि मूर्ती सहज सुटते. ‘प्लास्टरमुक्त’ मूर्तिकला ही कल्पना, निदान साच्यावर चालणाऱ्या कारखान्यापुरती, घोषणेइतकी सोपी नाही.

पीओपीमुळे दुसरा बदल घडला तो भौगोलिक. पेण शहरातील कारखान्यांत कामाला येणारे आसपासच्या खेड्यांतील तरुण काम शिकून आपापल्या गावी साचे घेऊन बसले. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, वडखळ अशा गावांत घराच्या पडवीत, अंगणात, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये कारखाने उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणाऱ्या कुटुंबांना वर्षभर रोख मिळवून देणारे काम घरच्या अंगणात मिळाले. आज दरवर्षी या पट्ट्यातून लाखो मूर्ती बाहेर पडतात. बरेचसे उत्पादन घरांत व शेडमध्ये होत असल्यामुळे त्याची एकत्रित नोंद राहत नाही आणि आकडे सांगणाऱ्याच्या भूमिकेप्रमाणे लहान-मोठे होत राहतात.

शहर व खेडी यांच्यात एक श्रमविभागणीही तयार झाली. खेड्यांतून ‘कच्ची’ म्हणजे न रंगविलेली मूर्ती घाऊक विकली जाते. ती पेणमधील, मुंबई-ठाण्यातील किंवा थेट परराज्यांतील रंगकारांकडे जाते आणि तेथे तिची किंमत वाढते. कच्च्या मूर्तीवरील नफा अल्प असतो, रंगकामावरील अधिक. पेणची मूर्ती म्हणून विकली जाणारी प्रत्येक मूर्ती पेणच्या हाताने रंगविलेली असतेच असे नाही. याची खंत जुने मूर्तिकार व्यक्त करतात, ती अनाठायी नाही.

कारखान्यातील जीवन

कारखान्यातील कामाची वाटणी वय, लिंग आणि कसब यांनुसार झालेली असते. साचाकाम व ओतकाम हे ताकदीचे मानले जाते आणि ते बहुधा पुरुषांकडे असते. सांधे भरणे, पॉलिश पेपरने घासणे, पांढरा हात देणे, सोवळ्याचे काठ रंगविणे, खडे व टिकल्या चिकटविणे ही कामे मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात. त्यांपैकी अनेकींना नगावर मजुरी मिळते. अंगरंगासाठी फवारणी यंत्र आल्यावर एका रंगकाराचे दिवसाचे काम अनेक पटींनी वाढले. आखणी मात्र आजही कुंचल्यानेच होते आणि आखणी करणाऱ्याचा मान व मोबदला सर्वांत वरचा असतो. ही जागा स्त्रियांना क्वचितच मिळते. याचे कारण कसबापेक्षा शिकविण्याच्या पद्धतीत शोधावे लागेल: आखणी शिकविली जाते ती बापाकडून मुलाला किंवा उस्तादाकडून रात्री उशिरापर्यंत थांबू शकणाऱ्या शागिर्दाला.

आषाढ-श्रावणात कारखान्यातील दिवस व रात्र यांतील भेद संपतो. बाहेर संततधार, आत विजेचे मोठे दिवे आणि पंखे लावून रंग वाळविण्याची धडपड, प्लास्टरची व रंगाची धूळ आणि टेम्पोची वाट पाहणारे व्यापारी असे ते चित्र असते. घासकामाची बारीक पांढरी धूळ श्वासावाटे आत जाते. नाकाला ओढणी किंवा रुमाल बांधणे एवढेच संरक्षण अनेक ठिकाणी दिसते. पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टरविषयी एवढी चर्चा होत असता श्वासात जाणाऱ्या प्लास्टरविषयी ती जवळजवळ होत नाही, ही बाब खेदजनक आहे.

या उद्योगाचे महत्त्व समजण्यासाठी त्याच तालुक्यातील दुसरे औद्योगिक वास्तव लक्षात घ्यावे लागते. डोलवी येथील पोलाद कारखाना १९९० च्या दशकात इस्पात समूहाने उभारला. डिसेंबर २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यू स्टीलकडे जाण्याचा व्यवहार ठरला आणि २०२१ मध्ये त्याची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यात आली. याच तालुक्यात महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात आले. शेतकऱ्यांचा विरोध कायम राहिला आणि ते क्षेत्र प्रत्यक्षात आले नाही. मोठ्या प्रकल्पात जमीन जाते व नोकरी मिळेलच याची शाश्वती नसते. मूर्तीच्या कारखान्यात जमीन राहते आणि काम अंगणात येते. खारपट्टीतील कुटुंबाने हा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण तो त्याला ठाऊक असतो. या उद्योगाचे भांडवल मात्र कमकुवत आहे. ते सहकारी बँका, पतपेढ्या, गहाण दागिने आणि कच्च्या मालाच्या दुकानदाराची उधारी यांवर उभे आहे. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा शहरातील सर्व थरांतील ठेवीदारांचे पैसे अडकले. स्थानिक पतपुरवठ्यावर विसंबणाऱ्या शहराच्या दृष्टीने तो आघात मोठा होता.

पंचांग आणि आदेश

चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे गणेश चतुर्थी दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम मागे जाते. २०२२ मध्ये चतुर्थी ३१ ऑगस्टला होती; २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला आली; २०२५ मध्ये पुन्हा २७ ऑगस्टला. कारखानदार पंचांग पाहतो ते मुहूर्तासाठी नव्हे, तर हाताशी किती आठवडे आहेत ते मोजण्यासाठी. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरने समुद्रमार्गे कित्येक आठवडे लागत असल्याने त्या उन्हाळ्यातच पूर्ण होऊन निघाव्या लागतात. देशांतर्गत घाऊक मालही मे-जूनपासून हलू लागतो. तात्पर्य, भाद्रपदात विकल्या जाणाऱ्या मूर्तीविषयीचा निर्णय, म्हणजे ती कशाची, किती उंचीची, किती संख्येने, हा आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास घेतलेला असतो. प्लास्टरची पोती किंवा शाडूची गाडी तेव्हाच मागविली जाते आणि कर्जही तेव्हाच उचलले जाते.

या पार्श्वभूमीवर नियमनाच्या तारखा वाचाव्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये प्रसिद्ध केली; त्यांत नैसर्गिक मातीच्या मूर्तींना प्रोत्साहन देण्यावर भर होता. १२ मे २०२० रोजी सुधारित तत्त्वे आली व त्यांत पीओपी मूर्तींवर बंदीची भूमिका घेण्यात आली. त्या दिवशी चतुर्थीला उरले होते १०२ दिवस. टाळेबंदी चालू होती आणि वर्षाचा बहुतेक माल शेडमध्ये रचून तयार होता. मे महिन्यातच अंमलबजावणी पुढे ढकलण्यात आली. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकले. जुलैमध्ये राज्य शासनाने साथरोगाच्या कारणास्तव घरगुती मूर्तीची उंची २ फूट व सार्वजनिक मूर्तीची ४ फूट अशी मर्यादा घातली. एका हंगामात बंदी, स्थगिती, वादळ आणि उंचीची मर्यादा असे चार धक्के बसले. वादळ सोडले तर उरलेले तीन मनुष्यकृत होते आणि तिन्ही माल तयार झाल्यानंतर आले.

पाच वर्षांनी याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी बंदीच्या तत्त्वांची काटेकोर अंमलबजावणी करण्याचे निर्देश दिले. लगेच आलेल्या माघी गणेशोत्सवात मुंबईच्या उपनगरांतील काही मंडळांच्या मूर्ती विसर्जनाविना कित्येक महिने राहिल्या. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या अभ्यासाचा आधार घेऊन राज्याने बाजू मांडली. केंद्रीय मंडळाने आपली तत्त्वे सल्लागार स्वरूपाची असल्याचे स्पष्ट केल्यानंतर ९ जून २०२५ रोजी न्यायालयाने पीओपी मूर्ती बनविण्यास व विकण्यास मोकळीक दिली. मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जनास परवानगी दिली नाही. २४ जुलै रोजी, मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांपुरते, ६ फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच करण्याचे बंधन घालून त्याहून उंच मूर्तींना अन्य पर्याय नसल्यास सवलत देण्यात आली.

जानेवारी ते जून हे पाच महिने पेण परिसरातील उत्पादनाचे ऐन महिने होत. या काळात ओतकाम करावे की थांबवावे, मजूर ठेवावेत की सोडावेत, व्यापाऱ्याकडून आगाऊ रक्कम घ्यावी की परत करावी याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. दुसरी बाब उंचीची. ६ फुटांवरील मूर्ती मंडळांच्या, त्याखालील मूर्ती घरांच्या. संघटित मंडळांच्या अडचणीला सवलत मिळाली आणि पेणची घरगुती मूर्ती जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम तलावाच्या नियमाखाली आली. नियम गैर आहे असे नव्हे. आपल्या गावी कृत्रिम तलावाची सोय असेल काय, हे मूर्ती घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर तो मूर्तीच बदलतो, आणि त्याचा फटका विक्रीच्या शेवटच्या पंधरवड्यात कारखानदाराला बसतो.

प्रदूषणाचे स्वरूप आणि पर्याय

पर्यावरणाचा आक्षेप निराधार नाही. जिप्सम पाण्यात अत्यल्प प्रमाणात, लिटरला सुमारे अडीच ग्रॅम, विरघळते. वाहत्या किंवा भरती-ओहोटीच्या पाण्यात आणि बंदिस्त तळ्यात त्याचा परिणाम सारखा नसतो. लहान तळ्यात शेकडो मूर्ती गेल्या तर तळाशी अर्धवट विरघळलेले अवशेष वर्षानुवर्षे साचतात आणि पाण्याचा जडपणा वाढतो. याहून घातक ठरतात ते रंग. शिसे, क्रोमियम यांसारख्या जड धातूंची संयुगे असलेले रंग शाडूवर लावले तरी तितकेच विषारी असतात. केवळ मूर्तीच्या द्रव्याकडे पाहणारे आणि रंगाकडे दुर्लक्ष करणारे ‘पर्यावरणपूरक’ हे बिरुद अपुरे आहे. शाडूचीही मर्यादा आहे: ती उपसलेली माती आहे, दरवर्षी नव्याने तयार होत नाही, आणि विसर्जनानंतर गाळरूपाने तळाशीच बसते. कृत्रिम हौदातील शाडू मात्र गाळून पुन्हा वापरता येतो, हा तिचा मोठा गुण आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पीओपी मूर्तीसाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची पद्धत विकसित केली. बादलीतील या द्रावणात मूर्ती ठेवली असता जिप्समचे रूपांतर कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेटमध्ये होते. पहिला पदार्थ चुनखडीसारखा तळाशी बसतो, दुसरा खत म्हणून पाणी घालून वापरता येतो. पुणे महानगरपालिकेने ही भुकटी नागरिकांना वाटली आहे. पेणच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, घरगुती आकाराच्या लहान मूर्तीलाच ती सोयीची आहे आणि पेण तीच मूर्ती बनविते. मूर्तीच्या खोक्यात भुकटीची पिशवी व वापराचे पत्रक घालणे कारखानदाराला अवघड नाही. त्यासाठी ती घाऊक दराने व वेळेवर, म्हणजे श्रावणापूर्वी, पेणमध्ये पोहोचली पाहिजे.

शाडूकडे परतण्याची तयारी पेणमधील अनेक कारखान्यांनी दाखविली आहे आणि काहींनी तर शाडू कधी सोडलाच नव्हता. अडचण येते ती हमरापूरसारख्या गावांतील लहान कारखान्यांची. शाडूसाठी वाळवणीची प्रशस्त, कोरडी जागा हवी; घराच्या पडवीत ती नसते. माती मळणारे व साच्यात दाबणारे हात हवेत. ओतकामात तयार झालेल्या पिढीला ते कसब नव्याने शिकावे लागेल. एका हंगामात हे होणार नाही, दोन-तीन हंगामांत होऊ शकेल. सामायिक वाळवणघर, मातीचा साठा करणारी सहकारी वखार आणि रंगांच्या तपासणीची तालुक्याच्या ठिकाणी सोय या गोष्टींचा खर्च मोठ्या औद्योगिक प्रकल्पांना मिळणाऱ्या सवलतींच्या तुलनेत नगण्य आहे. मात्र मूर्तिकार हा कलावंत असल्याचे मानून त्याला शाल-श्रीफळ देणे जितके सोपे आहे तितके त्याला कारखानदार मानून वखार बांधून देणे सोपे नाही, असा आजवरचा अनुभव आहे.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. म्हणजे २०२५ च्या तुलनेत कारखान्यांना अडीच आठवडे अधिक मिळतात. न्यायालयाने विसर्जनासाठी घातलेली मुदत मात्र मार्चअखेरची. त्यापुढील उत्सवासाठीचा माल २०२५ च्या अनंत चतुर्दशीनंतर, ओल्या शेडमधून रिकामे फळे बाहेर काढून उन्हात टाकले जात असतानाच, ठरवावा लागला. अशा वेळी बहुतेक कारखानदार जे करतो तेच पेणमध्ये झाले: थोडा शाडू, थोडे प्लास्टर, आणि साचे दोन्हींचे तयार.